तळहातावरचा घोट

“मला एक दुरुस्ती मांडायची आहे,” असे म्हणून मी उभा राहिलो, तेव्हा आमच्या अफीम-धूम्रपान-निषेधक मंडळीचे अध्यक्ष आपला सकाळचा कसुंबा गाळून होण्याची वाट पाहत होते.

गढीच्या चौकात सतरंजी अंथरलेली होती. अध्यक्ष, म्हणजे नरवलीचे जहागीरदार ठाकूर दलेलसिंह, लोडाला टेकून बसले होते. त्यांच्या शेजारी त्यांचा जुना नोकर भेरा लाकडी घोडीला टांगलेल्या कापडी पिशवीत कसुंबा, म्हणजे अफूचे पाणी, ओतत होता, आणि पिशवीच्या टोकातून तांबूस थेंब खालच्या पितळी वाटीत पडत होते. मंडळीचे चिटणीस, वकील बाळकोबा हर्डीकर, ठराव वाचीत होते. ठरावाचे वाचन आणि थेंबांचे पडणे ही दोन्ही एकाच लयीत चालली होती, आणि त्यांपैकी कशात व्यत्यय आल्यास अध्यक्ष अधिक अस्वस्थ होतील याविषयी कोणाच्या मनात संदेह नव्हता.

ठराव असा होता की, नरवलीत अफूचा धूर ओढण्याचे जे घातुक व्यसन शिरले आहे त्याचा ही सभा एकमताने धिक्कार करते, आणि बाजारातील चंडूखाना बंद व्हावा अशी इच्छा प्रकट करते.

“दुरुस्ती कसली, मास्तर?” हर्डीकर हलक्या आवाजात म्हणाले. “बसा खाली. पोहे निवताहेत.”

या मंडळीचा जन्म कसा झाला ते सांगितले पाहिजे. त्या साली अफूची चौकशी करण्यासाठी विलायतेहून कमिशन आले होते, आणि माळव्यातल्या संस्थानांनी आपापले मत कळवावे असे फर्मान निघाले होते. आमच्या संस्थानचे अर्धे उत्पन्न अफूचे. ती पिकवावी, तोलावी, पेट्यांत भरून मुंबईच्या बंदरातून चीनला धाडावी, यात गैर ते काय? मात्र ती ओढू नये, हे मत दरबाराला परवडण्यासारखे होते, कारण चंडूखान्यापासून दरबाराला फारसे काही मिळत नसे. तेव्हा दिवाणसाहेबांनी ओढण्याच्या विरोधात लोकमत तयार करण्याची आज्ञा दिली, आणि लोकमत तयार झाले. त्याला नाव मी दिले, कारण मी तेथल्या शाळेचा हेडमास्तर, आणि समास सोडविणारा गावात दुसरा कोणी नव्हता. अध्यक्षपद ठाकुरांकडे गेले, कारण चंडूखान्याची जागा त्यांच्या जहागिरीतली. त्यांनी शब्द दिला होता, “एकमतानं ठराव आणा. त्याच दुपारी दुकानाला कुलूप ठोकतो.”

त्या कुलपाची निकड मंडळीत माझ्याइतकी कोणालाच नव्हती. माझी धाकटी बहीण मथुरा आणि तिचे यजमान विसाजीपंत माझ्याच घराच्या मागल्या खोल्यांत राहत. किंबहुना मथुरा राहत असे. विसाजीपंत चंडूखान्यात राहत. मथुरा रोज दुपारी सोवळे सोडून, लुगडे बदलून, जेवणाचा डबा घेऊन त्या दाराशी जाऊन उभी राही. ते बाहेर येत, पायरीवर बसून जेवत, “आमटी छान झाली आहे” असे म्हणत आणि आत जात. मग ती रिकामा डबा घेऊन भर बाजारातून परत येई. हे गाव पाहत होते, आणि हसतही होते.

इतके असूनही मी दुरुस्ती मांडली. एखादे विधान अर्धवट राहिले की ते पुरे केल्याशिवाय मला जेवण जात नसे.

“ठरावात ‘ओढणे’ याच्याबरोबर ‘खाणे व पिणे’ हेही यावे,” मी म्हणालो. “पदार्थ एक, गुण एक, परिणाम एक. केवळ द्वार निराळे म्हणून दोष निराळा ठरत नाही.”

फक्त थेंब पडत राहिले.

ठाकूर मराठी उत्तम बोलत. रागावले म्हणजे मात्र ते माळवीवर जात, आणि त्यावरून आम्ही वाऱ्याचा अंदाज बांधत असू. या क्षणी ते मराठीतच होते.

“मास्तर,” ते म्हणाले, “गंगेचं पाणी आणि चितेचा धूर, दोन्ही एकच का?”

“काशीत दोन्ही एकाच घाटावर मिळतात, ठाकूरसाहेब.”

“धूर ओढतो तो कोपऱ्यात लोळतो. कसुंबा चौकात बसून पितात, दहा माणसांदेखत, एकमेकांच्या हातून. माझे आजोबा कसुंबा पिऊन लढाईला गेले होते.”

“कोणत्या लढाईला?”

“लढाईला,” ठाकूर म्हणाले.

“मी संस्थानचा सगळा इतिहास चाळला आहे. त्यात त्यांनी कोणती लढाई केल्याचा उल्लेख मला कोठे आढळला नाही. वाटेत त्यांना झोप लागली असल्यास ते स्वाभाविक आहे.”

हर्डीकरांनी डोळे मिटून घेतले. भेराचा ओतता हात थांबला आणि त्याबरोबर थेंबही थांबले.

“यो कई बोल्यो?” ठाकूर भेराला म्हणाले.

ठाकूर उठले, वाटी तशीच ठेवून आत गेले, आणि सभा संपली. पोहे तसेच राहिले.

बाहेर पडताना हर्डीकर माझ्यापुढे दोन पावले चालत होते. ते कोर्टात हरल्यावर असे चालत.

“तुम्हांला ठाऊक आहे काय झालं ते?” ते म्हणाले. “गढीच्या चौकात पूर्वजाचा अपमान. आता तुम्ही त्यांच्या तळहातावरून आणि त्यांनी तुमच्या तळहातावरून कसुंबा प्यायल्याशिवाय ही रेघ पुसली जायची नाही. या मुलखात भाऊबंदांचे खूनसुद्धा असेच मिटतात. तोवर तुम्ही त्या चौकात पाऊल टाकायचं नाही. तुम्ही नाही तर एकमत नाही. एकमत नाही तर कुलूप नाही.”

“म्हणजे अफूच्या निषेधाला संमती देण्यासाठी मी अफू प्यावी?”

“ओढू नका म्हणजे झालं,” हर्डीकर म्हणाले.

“आणि ठाकुरांच्या हातची? मी ब्राह्मण आहे, बाळकोबा.”

“कसुंब्याला विटाळ नाही. इथले उपाध्येसुद्धा घेतात. शिवाय तुम्हीच म्हणालात, द्वार निराळं म्हणून दोष निराळा ठरत नाही.”

मी नकार दिला. नकाराची कारणे मी त्यांना क्रमाने सांगितली आणि त्यांनी ती घर येईपर्यंत ऐकली.

पुढल्याच आठवड्यात बाजारातून जाताना मी पाहिले, तर चंडूखान्यावर माणसे चढली होती आणि जुने गवत खाली फेकून नवी कौले घालत होती.

“हे काय?” मी हर्डीकरांना विचारले.

“ठाकूर छप्पर घालून देताहेत. स्वखर्चानं.”

“निषेधक मंडळीचे अध्यक्ष चंडूखान्याला छप्पर घालून देताहेत?”

“अध्यक्षपद निराळं, राग निराळा. ते तुमच्यावर रागावले आहेत, मास्तर. तो राग कुठंतरी दिसायला नको का? तुम्हांला मारता येत नाही; तुम्ही हेडमास्तर.”

छप्पर झाल्यावर दुकानात पूर्वी न येणारेही येऊ लागले, कारण आता आत ऊन लागत नव्हते. मी विसाजीपंतांना भेटायला गेलो ते एका रविवारी दुपारी. आत मंद दिवे, चटया आणि एक गोडसर, जड वास होता. विसाजीपंत कुशीवर पहुडले होते. मला पाहून ते प्रसन्न झाले. आता ते सर्वांना पाहून प्रसन्न होत.

“या मेहुणे. वर बघा. तुमच्यामुळं आता गळत नाही.”

“विसाजीपंत, मी विनोद ऐकायला आलेलो नाही.”

“तर मग बसा. उभ्यानं वाद चांगला होत नाही.”

हे विसाजीपंत एके काळी अफूच्या कांट्यावर पारखी होते. कांटा म्हणजे जेथे अफूच्या पेट्या तोलून त्यांवर महसूल बसे, ती सरकारी जागा. तेथे माल अस्सल की भेसळीचा, हे ते गोळी चुरगाळून, हुंगून, जिभेच्या टोकावर ठेवून सांगत, आणि त्यांचा शब्द मुंबईचे व्यापारी मानीत. एका मोसमात पेट्यांबरोबर ते मुंबईच्या बंदरापर्यंत गेले. परतले ते एक लांब नळी घेऊन.

“तुम्ही ओढायला का लागलात, हे मला एकदा नीट सांगा,” मी म्हणालो. “तुम्हांला या मालाची नस न् नस ठाऊक होती.”

“नव्हती ना,” ते म्हणाले. “हीच तर मेख. जन्मभर मी माल पारखला, पण पेटी चीनला गेल्यावर तिचं काय होतं ते मला माहीत नव्हतं. गोदीत एक चिनी खलाशी होता. त्याला माझी भाषा येत नव्हती, मला त्याची. त्यानं माझ्याच हातची, मीच पास केलेली अफू दिव्यावर धरली आणि नळी माझ्या हातात दिली. मेहुणे, तुम्ही जन्मभर दाणे विकलेत आणि भाकरी कधी खाल्ली नाहीत, असं झालं होतं माझं.”

“हा दृष्टान्त सदोष आहे. भाकरीनं माणूस घर विसरत नाही.”

“मी कुठं विसरलो? पायरीवर बसून जेवतो की रोज.” त्यांनी नळी उचलून दाखविली. “इथून पेटी गेली, तिथून नळी आली. तुमचे दिवाणसाहेब पेटी जाऊ देतात आणि नळीला नाही म्हणतात. तुम्ही तरी दोन्हींना नाही म्हणालात. तुमच्या त्या दुरुस्तीबद्दल ऐकलं मी. इथं सगळ्यांनी वाहवा केली.”

“इथं?”

“हो. ठाकुरांच्या कसुंब्याला कुणीतरी नाव ठेवलं म्हणून आम्हांला फार बरं वाटलं.”

त्या खोलीत, त्या चटयांवरून, माझ्या भूमिकेला मिळालेला तो एकमेव पाठिंबा होता. मी त्याला काय उत्तर द्यावे याचा विचार करीत होतो, तेवढ्यात दारात सावली पडली. विसाजीपंत उठले, धोतर सावरून बाहेर गेले. मथुरा डबा उघडत होती. रस्त्यापलीकडे पानवाल्याच्या दुकानाशी दोघे-तिघे उभे होते. त्यांतला एक म्हणाला, “आला बघ गणपतीचा नैवेद्य,” आणि बाकीचे हसले. मथुरेने मागे वळून पाहिले नाही. तिने भात वाढला, वर आमटी घातली, आणि मला आतून बाहेर येताना पाहून म्हणाली, “दादा, तू जेवलास?”

घरी येऊन ओसरीवर डबा ठेवल्यावर ती बोलली.

“बाळकोबांच्या घरून कळलं मला. तो एक घोट घेतलास की दुकान बंद होतं म्हणे.”

“इतकं सोपं नाही ते, मथू. त्यात तत्त्वाचा प्रश्न आहे. अफू पिणं अयोग्य, असं मी जाहीर सभेत सांगितलं. आता मीच ती प्यायलो, तर माझ्या शब्दाला किंमत काय?”

“एका घोटानं तुझं तत्त्व बाटतं?”

“बाटतं.”

“मी रोज त्या दाराशी उभी राहते, दादा. मी बाटले नाही.”

तिने लोटीने पायांवर पाणी घेतले. मला उत्तर सुचत होते, चांगले उत्तर सुचत होते. पण ते ज्या आवाजात द्यावे लागले असते तो आवाज त्या ओसरीवर शोभला नसता.

“मला फार काही नको रे,” ती म्हणाली. “त्यांनी सोडावी, असंसुद्धा मी आता म्हणत नाही. दुकान नाहीसं झालं तर निदान जेवायला घरी येतील. पाटावर बसतील. एवढंच.”

मी हर्डीकरांकडे गेलो आणि कसुंब्याऐवजी गुळाचे पाणी चालेल का, रंग तोच येतो, असे विचारण्यास त्यांना गढीवर धाडले. ते लवकरच परत आले.

“ठाकूर विचारताहेत,” ते म्हणाले, “तुमच्या वर्गात मुलानं उत्तराऐवजी उत्तराच्या रंगाचं काही लिहिलं, तर तुम्ही मार्क देता का?”

मी देत नसे. तेव्हा दुसऱ्या दिवशी सकाळी मी धुतलेले धोतर नेसून गढीवर गेलो.

चौकात सबंध मंडळी जमली होती. निषेधक मंडळीचा प्रत्येक सभासद आपला हेडमास्तर अफू पितो कसा ते पाहण्यासाठी वेळेवर आला होता, जे एरवी कोणत्याही सभेला घडले नव्हते. भेराने वाटी आणली. ठाकुरांनी उजवा तळहात खोलगट केला, भेराने त्यात तांबूस पाणी ओतले, आणि तो तळहात माझ्या तोंडासमोर आला. त्या पाण्यात मला माझ्या पगडीची कड दिसली.

“आधी रंग,” हर्डीकर मागून कुजबुजले.

मला विधी ठाऊक होता. पिण्यापूर्वी अनामिकेने एक थेंब जमिनीवर उडवायचा आणि ज्याने काही सोसले, काही केले, अशा एखाद्या वीराचे नाव घेऊन त्याला ‘रंग’ म्हणायचे. म्हणजे हा पहिला थेंब त्याच्या मानाचा. भीष्माचे नाव मी मनाशी नक्की करून आलो होतो. प्रतिज्ञेसाठी त्याच्याइतके सोसलेला दुसरा कोणी नाही, आणि त्यावर ठाकुरांनाही हरकत घेता आली नसती. मी बोट बुडविले, थेंब उडविला, आणि भीष्म म्हणण्यासाठी तोंड उघडले.

“रंग मथुरेला,” मी म्हणालो. “माझ्या बहिणीला. जी रोज दुपारी, ठाकूरसाहेब, आपल्या जागेतल्या दुकानाच्या दाराशी, आपण घातलेल्या नव्या छपराखाली, डबा घेऊन उभी राहते.”

त्या चौकात बाईच्या नावाने रंग कधी पडला नव्हता. ठाकूर माझ्याकडे पाहत राहिले. त्यांचा तळहात जरा कलला आणि एक धार मनगटावरून खाली ओघळली.

“सांडतंय, मास्तर,” ते म्हणाले, मराठीतच. “प्या.”

मी प्यायलो. ते अत्यंत कडू होते. मग भेराने माझ्या तळहातावर ओतले. ठाकुरांनी त्यात बोट बुडविले, थेंब उडविला, आणि म्हणाले, “रंग मथुराबाईंना.” त्यांच्या मिशा माझ्या हाताला लागल्या.

वैर मिटले. मी उठू लागलो, तेव्हा त्यांनी माझे मनगट धरले.

“थांबा. एक गोष्ट राहिली. या चौकात रंग पडतो तो मर्दाच्या नावानं, नाहीतर घरच्या लेकीच्या नावानं. तिसरं नाव इथं घेतलं जात नाही. मथुराबाई मर्द आहेत का?”

“नाहीत,” मी म्हणालो.

“मग त्या कोण झाल्या?”

अनुमानाची दोन्ही अंगे मी तपासून पाहिली. त्यात मला दोष सापडला नाही.

“गढीची लेक,” मी म्हणालो.

“गढीची लेक,” ठाकूर सर्वांकडे पाहून म्हणाले. “आणि लेकीचा नवरा?”

“जावई,” हर्डीकर म्हणाले, आणि म्हणता म्हणताच त्यांचा चेहरा उतरला.

“आणि गढीचे जमाईसा या घटकेला कुठं आहेत?”

भेराने बाजाराच्या दिशेने मान हलविली. ठाकूर ताडकन उभे राहिले आणि माळवीत जे बोलले ते मी येथे लिहीत नाही. त्याचा मथितार्थ असा की, या घराचा जावई कोपऱ्यात लोळून धूर ओढतो आहे आणि वर त्याला सावली आपण केली आहे.

नंतरचे मला जरा दुरून दिसल्यासारखे आठवते. घोट अंगात भिनू लागला होता. गढीची पालखी बाहेर निघाली. पुढे भालदार, मागे निषेधक मंडळी, आणि मंडळीत मी. बाजार उभा राहून पाहत होता. चंडूखान्याच्या दाराशी पालखी टेकली आणि भालदाराने ललकारी दिली. विसाजीपंत नळी हातात घेऊन बाहेर आले, पालखी पाहिली, मला पाहिले.

“मेहुणे, कोण गेलं?” त्यांनी विचारले.

“कोणी नाही. तुम्ही जावई झाला आहात.”

“मी तर आहेच,” ते म्हणाले, आणि फारशी विचारपूस न करता पालखीत चढले. आत बसता बसताच त्यांना डुलकी लागली. पाठीमागे बाकीच्यांना बाहेर काढून ठाकुरांच्या माणसांनी कौले उतरविली, आणि मग, छप्पर नसलेल्या त्या घराच्या दाराला मोठे कुलूप ठोकले. पानवाल्याच्या दुकानाशी उभे असलेले हसले नाहीत. गढीच्या जावयाला हसणे सोपे नव्हते.

त्या दुपारी मी कोणाशी वाद घातला नाही. वर्गात एका मुलाने अत्यंत चुकीचे उत्तर दिले, ते मला सुंदर वाटले.

पुढची सभा चौकातच झाली. अध्यक्षांच्या उजव्या हाताला, स्वच्छ अंगरखा आणि नवे पागोटे घालून, विसाजीपंत बसले होते. जावयाचा मान म्हणून पहिला तळहात त्यांच्यापुढे झाला. त्यांनी घोट घेतला, जीभ टाळूला लावली आणि डोळे मिटले.

“मंदसोरकडचा माल. गेल्या सालचा. तेलात जरा जास्त दिवस राहिला आहे.”

ठाकूर हर्षभरित झाले. इतक्या वर्षांत त्यांच्या कसुंब्याविषयी असे नेमके कोणी बोलले नव्हते. रोज सकाळ-संध्याकाळ जमाईसांनी यावे आणि पारखून सांगावे, असे त्यांनी जागच्या जागी ठरविले. विसाजीपंत म्हणाले की, धुराची सर याला नाही, पण मंडळी चांगली आहे.

मग ठराव मूळ स्वरूपात एकमताने मंजूर झाला. माझे मत मोजले गेले.

एक सभासद उठून म्हणाले की, मास्तरांनी मंडळीदेखत अफू घेतली आहे, सबब त्यांना मंडळीतून काढावे. हर्डीकरांनी नियम उघडले.

“आपली मंडळी धूम्रपान-निषेधक आहे,” ते म्हणाले. “पिण्याविरुद्ध आपल्याकडे नियम नाही. मास्तरांनी तशी दुरुस्ती मांडली होती, पण ती झाली नाही. झाली असती, तर आज त्यांना काढावं लागलं असतं.” मग माझ्याकडे वळून ते हळूच म्हणाले, “वाचलात.”

दरबाराने आपले मत वर कळविले की, नरवलीत अफूचा धूर ओढण्याची एकही जागा उरलेली नाही. मसुदा माझाच होता. त्यात एक अक्षरही खोटे नव्हते, आणि आजही, इतक्या वर्षांनी, मला त्यात बदलण्याजोगे काही सापडत नाही.

सभा संपल्यावर विसाजीपंत पालखीतून घरी आले. हात-पाय धुऊन, सोवळे नेसून, माझ्या शेजारच्या पाटावर बसले. मथुरेने रांगोळी घातली होती. त्यांनी चित्राहुती घातल्या, पहिला घास घेतला, आणि “आमटी छान झाली आहे” असे म्हणाले. त्यांच्या डोळ्यांतल्या बाहुल्या टाचणीच्या डोक्याएवढ्या झाल्या होत्या.

मी पाहत होतो. पदार्थ तोच, गुण तोच, परिणाम तोच. सबंध युक्तिवाद माझ्या डोळ्यांसमोर भात कालवीत बसला होता. तो आजवर इतका निर्विवाद कधी झाला नव्हता. मी पान बाजूला सारले.

“मथू,” मी म्हणालो, “हे तू नीट समजून घे. यांनी काही सोडलेलं नाही. फक्त धुराचं पाणी झालं आहे. मी पहिल्या दिवसापासून सांगत होतो, की—”

तिने तुपाची वाटी खाली ठेवली. इतक्या महिन्यांत मी तिला पायांवर पाणी घेताना, लुगडे बदलताना, डबा घासताना पाहिले होते. पंगतीत वाढताना पाहिले नव्हते.

“दादा,” ती म्हणाली, “हळू बोल. ते जेवताहेत.”

मी पान पुढे ओढले आणि भात कालवला.